काचेतला हिरवा आणि मी

मी एक जुना डाळिंबी स्वेटर आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. पालमपुरात लज्जाचं लग्न ठरलं, तेव्हा तिने नवऱ्याला न पाहता, नुसत्या अंदाजाने मला विणलं. बाह्या बिचाऱ्याच्या बोटांपर्यंत आल्या, तरी त्याने मला बारा हिवाळे घातलं. मग लज्जाने मला उसवलं आणि लेकीसाठी, अंजूसाठी, पुन्हा विणलं.

आमच्या गल्लीतल्या बायका थंडीत गच्चीवर उन्हाला बसतात आणि प्रत्येकीच्या हातात सुया असतात. शेजारच्या बिंद्रो चाचीने सगळ्यांदेखत मला उलटून पाहिलं होतं. "लज्जा, शेवटचं टोक कुठे लपवलंस गं? सापडतच नाही!" इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही. पुढे दोन वर्षं अंजूने मला अंगावेगळं केलं नाही.

आणि मग तो आला.

बाजारात सूदच्या दुकानाच्या काचेत एक हिरवा स्वेटर लागला. उंच गळा, आणि कमरेपासून उजव्या खांद्यापर्यंत चढत गेलेली पानांची वेल. शाळेतून येताना अंजू तिथे थांबू लागली. मी तिच्या अंगात आणि तिचे डोळे त्याच्यावर! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याला ना चुलीचा धूर माहीत, ना राजम्याचे डाग. माझ्या कोपरांवर लोकरीच्या गोळ्या आल्या होत्या, आणि तो मेला रोज नवाच्या नवा! त्याला कसर लागो, असे शाप मी मनातल्या मनात दिले. खोटं कशाला बोलू?

"मम्मी, सहलीला मला तोच हवा," एक दिवस अंजू म्हणाली. "सगळ्यांचे दुकानातले असतात. घरचा घालणारी मी एकटीच."

लज्जाच्या सुया थांबल्या. "विकतचा स्वेटर? आपल्या घरात? उद्या गच्चीवर बायका विचारतील, लज्जाचे हात मोडले का म्हणून!"

"मग तू कर ना तस्साच!"

"करीन की. आधी बघून तर येऊ."

आमच्याकडे बघून येणं म्हणजे दुकानात जायचं, नमुना डोळ्यांनी मोजायचा आणि रंग पटला नाही असं सांगून परत यायचं. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. सूदला बोलण्यात गुंतवायला बिंद्रो चाची सोबत होती. दुकानात अंजूने मला काढलं, काउंटरवर टाकलं आणि त्या हिरव्याला अंगात घातलं. मित्रांनो, मी तिथे बोळा होऊन पडलो होतो आणि तो माझ्या अंजूला बिलगला होता. आरशात बघून ती हसली. मला घालून ती अशी कधी हसली नव्हती.

सूद अंजूच्या शेजारीच उभा होता. त्याला संशय येऊ नये म्हणून लज्जा आरशात बघत टाके मोजू लागली. दर पानाला ओढणीच्या टोकाला एक गाठ.

"बहनजी, घेताय की पाठ करताय?" सूदने शेवटी विचारलंच.

"रंग नाही हो पटला. हिरव्यात पोरगी पिवळी दिसते."

"आणि सूदभाई," चाची म्हणाली, "तुमच्या बायकोच्या अंगातला स्वेटर कुणी विणलाय, विसरलात वाटतं?"

सूद गल्ल्याकडे वळला. निघताना लज्जाने हिरव्याची शिवण उलटून पाहिली आणि पुटपुटली, "कापून शिवलाय." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

घरी आल्यावर समजलं, नवी लोकर आणायची नाही. मलाच उसवायचं. त्याचं सोंग घ्यायला माझाच जीव हवा होता! पण नाही उसवलं, तर अंजू मला ट्रंकेत टाकणार. तिच्यासाठी मी तेही कबूल केलं. लज्जाने गळ्यापाशी टोक शोधून ओढलं आणि मी सरसर सुटत गेलो. तिने माझी लडी केली, गरम पाण्यात बुडवली, पीळ जावा म्हणून खाली तांब्या अडकवून वाळत टाकली. अठरा दिवसांत माझ्या डाळिंबी अंगावर पानांची वेल चढली.

सहलीच्या सकाळी मुली बाजारात बसची वाट बघत होत्या. अंजूची मैत्रीण रितू काचेपाशी ओरडली, "अगं, त्याची वेल उजव्या खांद्यावर आहे, तुझी डाव्या! नक्कल आहे ही, तीसुद्धा उलटी!"

लज्जाने आरशात मोजलं होतं ना! मुली हसल्या. अंजू गोरीमोरी झाली. आता ती मला काढून पिशवीत कोंबणार, याची मला खात्रीच होती. ती काचेसमोर जाऊन उभी राहिली. काचेतलं तिचं प्रतिबिंब बरोबर त्या हिरव्यावर पडलं, पानावर पान. ती बघत राहिली.

"माझी सुलटी आहे," ती वळून म्हणाली. "मम्मीने विणलीय. दुकानातलीच उलटी आहे."

मित्रांनो, अजूनही मी त्याच्यावर जळतो. त्याचा गळा माझ्यापेक्षा ताठ आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण कापून शिवलेल्या स्वेटरचा एकच जन्म असतो. तो उसवला तर हाती नुसते तुकडे येतात. म्हणून सांगतो, घरी विणलेला स्वेटर आखूड झाला तर त्याचं फरशी पुसायचं फडकं करू नका. त्याचं टोक शोधा आणि ज्या हातांनी तो विणला, त्या हातांत द्या.

माझं टोक लज्जाने या वेळीही आत कुठेतरी लपवलं आहे. बिंद्रो चाची अजून शोधते आहे.