पुसलेलं माप

टेपकाकांचं माप चुकत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची आणि काका मिशीतल्या मिशीत हसायचे. तीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजल्या, पण एक चौकट परत आली असेल तर शपथ! आणि आता वहिनी आणि त्यांचे सासरे आप्पा राहायचे त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात तीच खिडकी, तीच चौकट आणि काकांची ही तिसरी खेप. लाजेनं बिचाऱ्याचा जीव अर्धा झाला होता.

त्यांची पद्धत ठरलेली. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात अशी दोन तिरकी मापं. तिरकी मापं सारखी आली की खिडकी काटकोनात आहे समजायचं. आकडे आधी तिथंच भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचे, मग वहीत. पहिल्या दिवशी दोन्ही तिरकी मापं सतराशे वीस मिलिमीटर, केसाचाही फरक नाही.

आठवड्यानं जुनी खिडकी काढली, नवी चौकट उचलली, तर ती बसेना. पुन्हा टेप लावला. एक सतराशे सव्वीस, दुसरं सतराशे चौदा. डोळे गेले की काय आपले? घरी बायको रोज म्हणतच होती, आता पुरे करा म्हणून. वहिनी पाणी आणायला आत वळल्या, तेवढ्यात काकांनी अंगठ्याला थुंकी लावून भिंतीवरचे जुने आकडे पुसले. वहीतलं पान टराटरा फाडलं. आणि वर तोंड करून सांगितलं, "कारखान्यात कापणाऱ्यानं घोळ घातला हो." त्या बिचाऱ्या कापणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता! खिडकीच्या भोकाला प्लास्टिक चिकटवून काका चौकट परत घेऊन गेले.

आज बारीक करून आणलेली चौकट वर सरळ शिरली आणि खाली अडकली. काकांनी टेप ओढला. सतराशे अडतीस. दुसरीकडून सतराशे दोन.

अंगठा आपोआप तोंडाकडे गेला आणि तिथंच थांबला. डोळे अधू झालेल्या माणसाची चूक आज इकडे झाली तर उद्या तिकडे व्हायची. ही दर वेळी एकाच बाजूला होत होती, आणि वाढत होती.

खालून धाड् धाड् घाव चालले होते. पायाखालची फरशी प्रत्येक घावाला थरथरत होती.

"वहिनी, हे खाली काय चाललंय?"

"दुकान मोठं करतायत. मधली भिंत पाडली, आता मागची काढतायत. दोन आठवडे नुसता वैताग आहे. धूळ नको म्हणून आप्पांच्या खोलीचं दार सकाळपासून बंद ठेवलंय."

दोन आठवडे. पहिलं माप घेऊन दोनच आठवडे झाले होते. काकांनी टेप खाली टाकला.

"आप्पांना घ्या आणि आत्ताच्या आत्ता खाली उतरा. घर एका बाजूला कलतंय."

वहिनी हसल्या. "काहीतरीच काय! मागच्या वेळी तर कारखान्याचा घोळ होता."

"घोळबिळ काही नव्हता. मी खोटं बोललो. मला वाटलं, माझंच माप चुकलं."

"मग पहिलं माप दाखवा ना."

काकांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं फक्त एक काळपट डाग होता. वहिनींनी डागाकडे पाहिलं, मग काकांकडे. "आता पुन्हा नवी चौकट करायला नको म्हणून हे सगळं चाललंय होय?" त्या चिडून म्हणाल्या.

तेवढ्यात आतून काठीचा ठोका ऐकू आला. "सूनबाई, बाहेरून कडी का घातलीस गं? दार उघडत नाही."

कडी घातलेलीच नव्हती. वहिनींनी दार ढकललं, मग खांदा लावला. दार वरच्या कोपऱ्यात असं गच्च रुतलं होतं की हलेना. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, सात दिवस तुम्हाला माहीत होतं! तेव्हाच का नाही बोललात?"

काकांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "पळा, आधी तो घण थांबवा!" ते ओरडले. वहिनी जिन्यावरून अनवाणी धावत सुटल्या. काकांनी छिन्नी काढली आणि दाराच्या फटीत घातली.

"कोण, टेपकाका का?" आप्पांचा आवाज अगदी निवांत होता. "तुम्ही आहात तर मग काळजी नाही. तुमचं माप कधी चुकत नाही म्हणे."

"नाही चुकलं, आप्पा," काका हातोडा मारत म्हणाले. "तिन्ही वेळा बरोबर होतं. तुम्ही भिंतीपासून लांब सरका."

खालचे घाव थांबले. त्या शांततेत दारावरच्या भिंतीतून वाळू गळायला लागली. काका हातोडा मारत राहिले.