भावाच्या दुकानाला सील

"आधी नळी खाली ठेव," रुदैना म्हणाली.

कोपऱ्यातल्या मुलीनं अर्गिलाची, म्हणजे हुक्क्याची, नळी टेबलावर ठेवली, पण तोंडात साठलेल्या धुराचं काय करावं ते तिला सुचेना. शेवटी तो नाकातून बाहेर पडला आणि ती खोकत सुटली. शाळेच्या हिरव्या गणवेशावर तिनं मोठ्या बहिणीचं जाकीट चढवलं होतं.

"वय?"

"अठरा."

"आणि यत्ता?"

"आठवी," ती बोलून गेली. शेजारच्या दोघी फिस्सकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

रुदैनाला हसू आलं नाही. आरोग्य खात्याची निरीक्षक म्हणून तल्ल झैतून गावातल्या शाळांभोवतालची दुकानं तपासत तिची उमेदीची वर्षं सरली होती. अठराच्या आतल्या कुणाला तंबाखू द्यायची नाही, सुट्या सिगारेटी विकायच्या नाहीत, असा सरळ कायदा होता. ती दुकानं बंद करायची आणि आठवडाभरात दुकानदार ती पुन्हा उघडायचे. आताशा जिने चढताना तिचे गुडघे बोलायचे. त्यात आजचं हे दुकान तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

खात्यातले बाकीचे निरीक्षक तिच्या भिडेनं या गल्लीत फिरकत नसत. तिनंही कधी त्यांना विचारलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात सुट्या सिगारेटींवरून तिनं एका वाण्याला पकडलं, तेव्हा तो भर रस्त्यात म्हणाला होता, "बाईसाहेब, मुलींच्या शाळेमागं तुमच्या भावाकडं अख्खा वर्ग धूर काढतोय. तिकडं जाताना तुमची गाडी पंक्चर होते का?" जमलेले लोक हसले होते. म्हणून आज ती इथं आली होती.

आतल्या खोलीतून फवाज कोळशाचा चिमटा हातात घेऊनच आला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अगं, तू? बस ना. मेरमियेची पानं घालून चहा सांगतो." मग त्याचं लक्ष तिच्या मागं उभ्या असलेल्या खात्याच्या शिपायाकडं, हारूनकडं गेलं. हारूनच्या हातात साखळी, कुलूप आणि लाख होती.

"मालक कोण?" रुदैनानं विचारलं. साक्षीदारांसमोर ते विचारावंच लागे.

"चेष्टा करतेस का?"

"मालक कोण?"

हारूननं मान खाली घातली.

"मी. फवाज. तुझ्याच बापाचा मुलगा. घे लिहून."

"भाऊ, घरी जेवताना सांगितलं होतं तुला. शाळेच्या पोरींना देऊ नकोस म्हणून."

"मी नाही दिलं तर पलीकडचा कॅफेवाला देईल. पोरी काय घरी जाऊन अभ्यास करणार आहेत?"

"कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी आपल्या बापाच्या गळ्याला भोक पाडलं होतं. विसरलास?"

"तो सिगारेटी फुंकायचा. हे सफरचंदाच्या चवीचं आहे, पाण्यातून गाळून येतं."

"पाण्यातून काही गाळलं जात नाही, भाऊ." हे वाक्य शाळाशाळांतून बोलून बोलून इतकं झिजलं होतं, की तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

फवाजचा आवाज उतरला. "बाप गेल्यावर रात्रंदिवस टॅक्सी हाणून तुला नर्सिंगला कुणी घातलं?"

"तू."

"मग?"

तिनं मुलींना बाहेर पाठवलं, हारूनला शटर ओढायला सांगितलं आणि लाख स्वतः लावली. गरम लाखेचा एक थेंब अंगठ्यावर पडला. तिनं तो पुसलासुद्धा नाही.

ती आईच्या घरी पोचायच्या आत बातमी तिथं पोचली होती. आई स्वयंपाकघरात दोडक्यात भात भरत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"यम्मा, ऐक तरी."

"काय ऐकू? त्याची बायको इथं बसून रडून गेली. सरकारला सगळ्या गावात माझाच मुलगा दिसला?"

"आठवीतल्या पोरी होत्या गं."

आईचा हात थांबला. शेवटच्या वर्षी नवऱ्याला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, ते सगळं तिनं एकटीनं काढलं होतं. तरीही ती म्हणाली, "शुक्रवारी सगळ्यांबरोबर जेवायला येऊ नकोस. त्याला इथं बसून घास गिळायचाय."

सकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांना तिच्याकडं पाहणं जड जात होतं.

"रुदैना, तुमचं काम चोख आहे. पण अम्मानहून फोन आलाय. तुमच्या भावजयीचे कुणी मामा आहेत तिकडं. ताकीद देऊन सोडा म्हणतात."

"पण त्या पोरी, साहेब..."

"मला मुली नाहीत का? सील काढा. तुम्हीच काढलंत तर घरातलंही मिटेल."

ती भांडली नाही. भांडायला लागणारी ताकद कुठंतरी मागंच सांडून गेली होती. ती एकटीच गेली, लाख फोडली, कुलूप काढलं. फवाजनं शटर वर ढकललं. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. रात्रभर त्यालाही झोप लागलेली दिसत नव्हती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

पण ती निघाली नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. ऊन वाढलं. मोठी गिऱ्हाइकं आत गेली, त्यांना ती काही बोलली नाही. दुपारी शाळा सुटली आणि हिरव्या गणवेशांचा घोळका गल्लीत शिरला. दारात तिला पाहून पोरी थबकल्या, आपसात कुजबुजल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कॅफेकडं वळल्या. रुदैनानं ते पाहिलं. दोन दारांत एकाच वेळी उभं राहणं तिला शक्य नव्हतं.

"गेल्या बघ," आतून फवाज म्हणाला. "सांगत होतो ना?"

"हो."

"उद्या काय करशील?"

"उद्या पलीकडं उभी राहीन. परवा इथं."

त्याचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. तिचा एक पाय दुखत होता आणि ती सगळा भार दुसऱ्यावर टाकून उभी होती. मग तो आत गेला, एक खुर्ची घेऊन आला, तिच्याशेजारी आदळल्यासारखी ठेवली आणि निखारे फुंकायला वळला.

रुदैनानं ती खुर्ची ओढून दारात मधोमध आडवी घातली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली.