राजाबाईच्या नावची फिट

फिट यायची आरोहीला, आणि बेळगावच्या अख्ख्या वडगावात आजारी म्हणून गाजली होती राजाबाई.

आरोही ही राजाबाईच्या धाकट्या भावाची, जोतिरामची लेक. तीन वर्षांपूर्वी मागाशेजारी कांड्या भरता भरता पोरगी धाडकन पडली. डोळे पांढरे, तोंडाला फेस. बापाने आधी काय करावं? जोतिरामने आधी दार लावलं. मग पोरीला सावरलं. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या, गोळी ठरली, गोळी लागूही पडली. घरी आल्यावर त्या शहाण्याने तपासणीचे सगळे कागद चुलीत घातले. लग्नाच्या पोरीचं नाव असल्या कागदावर नको, म्हणे.

पण गोळी रोजची, आणि चिठ्ठीशिवाय ती कुणी देत नाही. चिठ्ठीला नाव लागतं. घरात एक नाव रिकामं होतं. विधवा बाईला झटके आले म्हणून कुणाचं काय अडतंय, असं जोतिराम तोंडाने बोलला नाही. बोलायची गरजच पडली नाही. राजाबाई स्वतःच म्हणाली, "घाल माझं नाव. माझ्या नावाला आता कोण मागणी घालणार हाय?"

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी निपाणीची वारी सुरू झाली. बेळगावात डॉक्टरांची काय कमी? पण बेळगावात ओळखी फार. निपाणीला दर गुरुवारी एक कोल्हापूरचा डॉक्टर बसायचा, तो बरा. बायकांना बस फुकट, एवढंच काय ते सरकारचं पुण्य. बस जिथं नेऊन सोडते तिथं वाऱ्याचीसुद्धा किंमत लावलेली. आधी नंबर लावायचे पैसे, मग डॉक्टरांची फी, ती कशाची तर जुनीच ओळ नव्या कागदावर उतरवायची. आणि डॉक्टर लिहायचा ती कंपनी फक्त त्याच्याच जिन्याखालच्या दुकानात. बेळगावच्या खडेबाजारात राजाबाईने तीन दुकानं पालथी घातली होती. एकजण मान न वळवता म्हणाला, "इल्ल री," म्हणजे नाहीच. दुसऱ्याकडं गोळी होती, पण चिठ्ठी जुनी झालेली. तिसरा म्हणाला, दुसऱ्या कंपनीची देतो, डॉक्टरांनी तसं लिहून आणा. म्हणजे पुन्हा निपाणी.

जिन्याखालचा दुकानदार तर बारा भोकांचा पाना. सुटं पाकीट द्यायचा नाही, अख्खा डबा घ्या म्हणायचा, आणि वर एक टॉनिकची बाटली गळ्यात मारायचा. बाटली घेतली नाही की गोळ्यांचा साठा नेमका संपायचा. आरोहीला त्या टॉनिकने मळमळायचं. पैसे मोजलेली वस्तू टाकवत नाही म्हणून राजाबाई ते प्यायची. तीन वर्षांत म्हातारपण चार पावलं मागे सरलं.

पण खोट्याचं भाडं राजाबाई रोज भरत होती. तिला मागावर बसू देत नव्हते. शेजारणी लग्नकार्याला बोलवताना घुटमळायच्या. एकदा समोरच्या मंगलचं तान्हं पोर तिनं मांडीवर घेतलं, तर मंगल धावत आली आणि हसत हसत पोर काढून घेऊन गेली. "तुमास्नी मधीच काय झालं तर, आत्ती?" त्या रात्री राजाबाईने भाकरी खाल्ली नाही.

या खेपेला मात्र वेळ वाईट होती. आदल्या गुरुवारी डॉक्टर आलाच नव्हता. दाराला कुलूप, सांगायला कुणी नाही. गोळ्या संपून दोन दिवस झाले होते. सकाळी बसमध्ये आरोहीच्या हाताला हिसका बसला आणि पाण्याची बाटली पुढच्या सीटवर जाऊन आपटली. आत्याने भाचीकडं पाहिलं. दोघींनाही हिसक्यामागून काय येतं ते ठाऊक होतं.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. राजाबाईला दरवेळी गंमत वाटायची: बेळगावातलं निम्मं शहापूर, निम्मं वडगाव इथं येऊन बसलेलं, कुणी पदर तोंडावर घेतलेला, कुणी टॉवेल. सगळे भिंतीकडं बघत. ओळख लपवायला इतक्या लांब यायचं आणि ओळखीच्याच मांडीला मांडी लावून बसायचं! खुळ्यांचा बाजार नुसता.

नंबर लागला. राजाबाई स्टुलावर बसली, बाप-लेक मागे उभे राहिले. तीन वर्षं या डॉक्टरने मान वर केली नव्हती. आज केली.

"काय आजी, तीन वर्षांत एकही झटका नाही?"

"आजी कुणाची?" राजाबाई मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "न्हाय आला."

"उत्तम! मग गोळ्या आता कशाला? हळूहळू कमी करत बंद करून टाकू."

राजाबाईने भावाकडं पाहिलं. जोतिरामचा चेहरा काय करावा? उजळला. "बरं साहेब," म्हणाला आणि पिशवी उचलायला वाकला. कागद नाही, गोळी नाही, म्हणजे आजारही नाही, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. हे बघून राजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "परवाच आलता झटका. सांगायला इसरले."

"असं? काय झालं नेमकं?"

राजाबाईला काय, सगळं पाठ होतं. "डोळं पांढरं झालं. मान डावीकडं वळली, दातखीळ बसली, व्हट निळं पडलं. मग सुस्कारा टाकला आनी गाढ झोप लागली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तुमचे डोळे पांढरे झालेले तुम्ही बघितलेत? ओठ निळे पडलेलेही? आजी, फिट आलेल्या माणसाला यातलं काही दिसत नसतं. ते बघणाऱ्याला दिसतं."

जोतिराम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. डॉक्टरने पुढच्या पेशंटला बोलवायला घंटीकडं हात नेला. तेवढ्यात आरोहीच्या हाताला पुन्हा हिसका बसला आणि खांद्यावरची पर्स खाली पडली.

राजाबाई स्टुलावरून उठली. भाचीचा दंड धरून म्हणाली, "बस हितं."

आरोही बसली. "गोळ्या माझ्या हायत डॉक्टर," ती म्हणाली. "मी पडते. दोन दिवस गोळी न्हाय माझ्या पोटात."

डॉक्टर लालबुंद झाला. "तीन वर्षं फसवलंत तुम्ही मला?"

"तीन वर्सांत एकदा तरी बघितलं का माझ्याकडं?" राजाबाई म्हणाली. "बघितलं असतं तर फसला नसता."

डॉक्टरने पेन पुन्हा उचललं. त्याने आरोहीला तपासलं, चार प्रश्न विचारले. जुने कागद? जोतिरामने मान खाली घातली. मग सगळ्या तपासण्या पुन्हा करून आणा. तोवर गोळी चालू ठेवा, एकही दिवस चुकवायची नाही. आणि बाहेर नवा केसपेपर काढा, नवीन पेशंटची फी वेगळी. चुलीत घातलेले कागद असे दामदुप्पट होऊन परत आले.

बाहेरच्या टेबलावर बसलेला माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "नवीन पेशंट! नाव काय?"

अख्खा हॉल ऐकत होता. जोतिरामने इकडंतिकडं पाहिलं, ओठ ओले केले आणि सवयीने म्हणाला, "राजाबा..."

"आरोही," पोरगी म्हणाली. तिचा आवाज बापाच्या आवाजावर चढला तेव्हा राजाबाईला अभिमानाने रडू यायचं राहिलं. "आरोही जोतिराम. वडगाव. फिटसाठी."

भिंतीकडं बघणारे आणखी निरखून भिंत बघू लागले. मग पदराआडची एक बाई हळूच पुढं झुकली. "पोरी, तुला कंच्या कंपनीची गोळी दिलीया गं? माझ्या ल्योकाला ही खालची लई महाग पडतीया."

आरोहीने तिला चिठ्ठी दाखवली.

दुकानदाराने डब्यावर टॉनिक ठेवलं. राजाबाईने बाटली मागे ढकलली. "ती पिणारी पेशंट सुटली," म्हणाली. त्याने साठ्याचं रडगाणं सुरू केलं, तेव्हा तिने जिन्याकडं तोंड करून डॉक्टरांच्या नावाने एक हाक मारली. साठा लगेच सापडला. आरोहीने तिथंच उभ्या उभ्या गोळी गिळली.

परतीच्या बसला गर्दी होती. संकेश्वरला एक बाई कडेवर तान्हं घेऊन चढली आणि दांड्याला लोंबकळत उभी राहिली. जोतिराम खिडकीशी तोंड पाडून बसला होता. आरोहीला बघायला येणाऱ्या चिकोडीच्या पाहुण्यांना काय सांगायचं, चिकोडीच्या पाहुण्यांना काय सांगायचं, एवढंच त्याचं चाललं होतं. राजाबाईने त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तिने हात पुढे केले.

"आण गं बाई हिकडं. मी घेती."

बाईने पोर दिलं. ते मांडीवर बसून राजाबाईच्या पदराशी खेळू लागलं.

जोतिराम दचकून वळला. "आक्का, लेकरू नगं घिऊस. मधीच तुला काय झालं म्हंजी?"

राजाबाईने भावाकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"मला काय झालंय रं, जोतिराम?" तिने विचारलं.

तो आठवत राहिला. राजाबाईने पोराला नीट जवळ घेतलं. बेळगाव येईपर्यंत तिने ते कुणाला दिलं नाही.