बाईंची डावी बाजू

एकोणीसशे एकोणसत्तर सालची गोष्ट. मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना त्या वर्षी एक वर्ग जास्तीचा मिळाला. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, बाईंचे स्वतःचे पाय सुजलेले, अंगात त्राण म्हणून नाही. वर्ग सोपवताना जुन्या बाई त्यांना मागच्या भिंतीशी घेऊन उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्या मुलींकडे बघत हळूच म्हणाल्या, "डावीकडच्या पोरी हुशार. उजवीकडे फार घसा कोरडा करू नका."

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि आपल्या डाव्या हाताच्या पोरींना शिकवू लागल्या.

तिथं एक ढिम्म मुलगी होती. वर्ग तिला गोगलगाय म्हणे. हुशार आहे, बुजते एवढंच, असं धरून बाई तिच्या उत्तरासाठी थांबत, खडू हातात देत. उजव्या हाताला बसणाऱ्या एका चपळ पोरीला सगळ्या खारूताई म्हणत; तिचा हात मात्र गणित सांगून व्हायच्या आत वर.

"खाली कर गं. अंदाजपंचे ठोकायचं नाही."

सहामाहीनंतर तो हात वर येईनासा झाला. गोगलगाय फळ्यावर गणितं सोडवू लागली.

वर्ष संपत आलं, तशा जुन्या बाई भेटायला आल्या. "स्कॉलरशिपला खारूताईच ना?"

"ती कशी? ती उजवीकडची."

"काहीतरीच काय. डावीकडे, पहिल्या बाकावर. मागून दाखवली नव्हती का बाजू तुम्हाला?"

चहा तसाच ठेवून बाई वर्गात गेल्या आणि मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या; तिथून खारूताईचा बाक डाव्या हाताला येत होता.

वर्गातून एकच नाव पाठवायचं होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी खारूताईला थांबवलं. "तुझं नाव देते. बसशील?"

"गोगलगायीचं द्या, बाई. तिला येतं."

"तुलाही येतं."

"यायचं आधी," ती म्हणाली. रागावून नाही, दप्तराचा बंद नीट करत.

"बरं, जा," एवढंच त्या म्हणाल्या.

नाव गोगलगायीचं गेलं. तिला स्कॉलरशिप मिळाली, पुढं ती इंजिनिअर झाली. सत्काराला उभी राहिली की सांगे, मला आमच्या बाईंनी ओळखलं. जुन्या बाई नाव पाठवलं त्याच उन्हाळ्यात वारल्या. गणिताच्या बाई निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवत राहिल्या, वर्ग सोपवताना कुणी काही सांगू लागलं की म्हणत, "राहू द्या, बघते मी." गोगलगायीचं पत्र आलं की त्यांना आनंद व्हायचा, आणि मग कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

खारूताई टेलिफोन खात्यात लागली, संसार नेटका केला. मुलीला गणिताची शिकवणी लावली. नवरा म्हणाला, "तूच शिकव की घरी."

"मला कुठलं येतंय," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.