बऱ्या पायाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाल पट्टी आहे. तुमच्या खरचटलेल्या ढोपरावर चिकटवतात ती नव्हे. तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली गुंडाळतात, ती मी. लांबी चांगली आठ हात, एका टोकाला वेल्क्रो, कडा थोड्या झिजलेल्या. तोंड मात्र अजून शाबूत आहे.

एका कारखान्यात एकाच ताग्यातून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला कापले आणि आमची रवानगी तबेल्यात झाली. आमचे काम वाटते तितके सोपे नाही. आधी पायाभोवती मऊ गादी, मग वरून आम्ही. सैल बसलो तर घसरून खुरांशी गोळा होणार आणि आवळून बसलो तर पायाचेच वाटोळे. म्हणून घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार काका पट्टी बांधून झाली की तिच्याखाली एक बोट सरकवून बघत. बोट अलगद गेले की त्यांचा चेहरा खुलायचा.

आमची घोडी भिंगरी. एका जागी उभे राहणे म्हणजे तिला शिक्षाच. एकदा खड्डा ओलांडताना तिचा पुढचा डावा पाय मुरगळला. डॉक्टरांनी महिनाभर तबेल्यातच ठेवायला सांगितले. नीट सांभाळली तर पळेल, नाहीतर पळणे विसरा, असे ते स्पष्टच म्हणाले. काकांनी बहिणीला डाव्या पायावर बांधले आणि मला उजव्यावर.

झाले! बहिणीचा भाव एकदम वधारला. डॉक्टर आले की आधी तिला सोडणार, तिच्याखालचा पाय चाचपणार, मान डोलावणार. काकांची पुतणी तिला वेगळ्या बादलीत धुवायची. मी पडले ठणठणीत पायावर. मला मेलीला कोण विचारतो? मी आतल्या आत धुसफुसत राहिले.

आठव्या दिवशी काका दोन दिवसांसाठी परगावी गेले आणि सगळे काम पुतणीवर आले. ती कामाला वाघ, पण भारी घाईची. बरा पाय रोज सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, हा तिला उगाचचा उपद्व्याप वाटला. तिने मला धुतले आणि खुंटीवर टांगून दिले. खरे सांगते, मला आनंदच झाला. वाऱ्यावर झोके घ्यायला कोणाला नको असते?

काका परतले त्या सकाळी भिंगरीने चाऱ्याला तोंड लावले नव्हते. दुखरा डावा पाय होता तसाच होता, पण उजवा खुरापासून गुडघ्यापर्यंत सुजून टम्म झाला होता. काकांनी त्यावरून तळवा फिरवला.

"याची पट्टी कुठंय?" त्यांनी आवाज न चढवता विचारले.

"काका, हा पाय तर बरा होता," पुतणी पुटपुटली.

"बरा होता म्हणून तर सगळा भार याच्यावर पडला, बाळ. दुखरा पाय ती टेकवतच नव्हती. मग पट्टीचा आधार यालाही हवाच ना?"

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आले. मला तर खुंटीवरच लाज वाटली. इतके दिवस मी ज्या पायाला कमी लेखत होते, त्याच्याच जिवावर घोडी उभी होती. पुतणीने तासभर पायावर गार पाणी सोडले, गादी लावली आणि एकही सुरकुती पडू न देता मला बांधले. मग बोट सरकवून पाहिले. एकदा नव्हे, तीनदा. पुढचे चार दिवस आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. पाचव्या दिवशी सूज उतरली आणि भिंगरीने चाऱ्याचा फडशा पाडला.

महिना संपल्यावर तिला मैदानात सोडले. तिने पहिल्याच फेरीत डॉक्टरांची टोपी दातांत धरून धूम ठोकली. मागे डॉक्टर, त्यांच्या मागे काका, आणि पुतणी पोट धरून हसत होती.

आता माझा वेल्क्रो नीट धरत नाही, म्हणून मी कपाटात असते. मित्रांनो, आमच्यासारख्या पट्ट्या धुऊन, वाळवून, नीट गुंडाळून ठेवा, एवढे तर मागतेच. पण अजून एक मागते. घरात कोणी आजारी पडले की सगळे त्याचीच विचारपूस करतात, आणि करावीच. त्याच वेळी त्याच्या उशाशी बसणारे, त्याचे काम गुपचूप उरकणारे कोणीतरी असते. ते कुरकुरत नाही, म्हणून ते बरे आहे असे समजू नका. त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तुझं दुखत नाही ना कुठं?"