उलटं वेटोळं

संसदेच्या जिन्यावर बाविसाव्या पायरीला काचवाले थांबले आणि मान वर करून छत न्याहाळू लागले. छत बघण्याजोगं होतं, त्यात वाद नाही. पण त्यांचं हे छतप्रेम बायको ओळखून होती. गेली तीन वर्षं दम लागला की त्यांना घरच्या जिन्यातली कोळिष्टकंसुद्धा बघण्यासारखी वाटत.

"नक्षी बघतोय गं."

"बघा की सावकाश. मला कुठे गाडी गाठायचीये," ती म्हणाली आणि कठड्याला टेकून तीही नक्षी बघू लागली.

प्रयोगशाळेतल्या निवृत्तांची सहल होती. सकाळी संसद, मग डबे, दुपारी विज्ञान आणि कलेचं नवं दालन. अडतीस वर्षं काचवाल्यांनी शास्त्रज्ञांना ज्योतीवर काच फुंकून उपकरणं करून दिली होती. एका दमात टरबुजाएवढा फुगा काढणारा माणूस आता चहा गार करतानाही मधे थांबायचा. तिला ते बघवत नसे.

वरच्या सज्जातून रिकामं सभागृह दिसलं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "इथे बोललेला शब्दन्‌शब्द लिहून ठेवतात, बोलणाऱ्याच्या नावासकट. मधेच कुणी टोमणा मारला, तरी तोही."

काचवाले भारावून गेले. "टोमण्यालासुद्धा नाव! याला म्हणतात कारभार."

"आपल्या घरी ही सोय नाही ते बरंय," बायको म्हणाली. "वह्या पुरल्या नसत्या."

दालनात अंधार होता. भिंतभर मोठे केलेले स्फटिक, हात धरला की आपल्या नाडीबरोबर उघडझाप करणारे दिवे. बघत बघत ती एका काचपेटीपाशी आली आणि तिथेच खिळली. आत काचेचं नाजूक वेटोळं होतं, टोकाला लिंबाएवढा बंद फुगा. इतकं सुंदर काही तिने दिवसभरात पाहिलं नव्हतं, संसद धरून. आणि वेटोळं उलट्या दिशेने फिरलेलं होतं. काचवाले डावरे. असंच एक तडकलेलं वेटोळं घरी होतं, त्यात ती सुया ठेवायची. खाली पाटी होती: जुने प्रयोगशाळा उपकरण, कारागीर अज्ञात.

"अहो, हे तुमचं."

"माहितीये. म्हणून तर म्हणतो, चल इथून." ते कानापर्यंत लाल झाले होते. "चुकलेला नग आहे तो. साहेबांना उजवं हवं होतं, माझ्या हाताने सवयीने डावं झालं. जोडणीत बसेना, परत आलं. बरोबर केलेली सगळी वापरून वापरून फुटली, आणि हे बेणं मखमलीवर बसलंय."

"तिकडे टोमण्याला नाव लागतं, आणि इथे कारागीर अज्ञात?" असं म्हणत तिने राखणदार बाईंना हाक मारलीसुद्धा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. "लिहून द्या. वरच्यांना दाखवते. पाटी बदलतीलच असं मात्र सांगत नाही."

काचवाल्यांनी डाव्या हाताने आधी लिहिलं, 'वेटोळे उलटे झाले आहे. चूक माझी.' मग त्याखाली पूर्ण नाव, ठसठशीत.

"फुगा बंद का हो?" बाईंनी विचारलं.

"फुंकून झालं की ज्योतीवर तोंड बंद करायचं. वापरताना टोक फोडतात. हे वापरलंच नाही, मग फोडणार कोण?"

"म्हणजे आत अजून तुमचीच फुंकर आहे," बायको म्हणाली.

"असेल. एकतिसावं होतं मला."

एवढं बोलून ते बाकावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती. ती पेटीजवळच उभी राहिली. त्या लिंबाएवढ्या जागेत तिच्या नवऱ्याचा तरणाताठा दम शाबूत होता, आणि तिला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली, ती तिने रुमालाने पुसली.

दारातून कुणीतरी बस निघाल्याची हाक दिली. काचवाले घाईने उठू लागले. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"थांबा हो. मला जरा छत बघायचंय."

छत साधं काळं रंगवलेलं होतं. दोघं ते बराच वेळ बघत बसली.