दिसेनासं झालं की शून्य

मुलुंडच्या एका कॉलेजात अर्धे तास वर्गात आणि अर्धे ऑनलाइन होऊ लागले, तेव्हा ऑनलाइन तोंडी परीक्षेचे नियम तिथे शिकवणाऱ्या दर्शनाने घालून दिले. मोबाईल फिरवून आधी अख्खी खोली दाखवायची, म्हणजे कोणी उत्तरं पुरवायला लपलेलं नाही हे कळतं. मग शेवटपर्यंत स्क्रीनवर राहायचं. दिसेनासं झालं की शून्य.

"अगं, सगळ्यांना वेगळी खोली असते का?" सोबतच्या भाऊराव सरांनी विचारलं होतं.

"सर, तुमच्या लाडांनीच पोरं डोक्यावर बसलीत," तिने तोडून टाकलं. बाईंना आपल्या नियमांचा भलताच तोरा होता.

मग गोवंडीच्या प्रांजलची पाळी आली. या विषयात नापास झाली तर मोठा भाऊ विशाल कॉलेज बंद करणार, हे तिने मागेच रडत सांगितलं होतं.

"खोली दाखव."

प्रांजल घुटमळली. "मॅडम, जरा थांबता का? वहिनी..."

"बाकीची मुलं खोळंबलीत. दाखव, नाहीतर शून्य."

मोबाईल फिरला. कपाट, गॅस, आणि कोपऱ्यातली मोरी. तोकड्या पडद्याआड वहिनी अंघोळ करत होती. तिने किंकाळी फोडली, तसा रात्रपाळी करून झोपलेला विशाल ताडकन उठला.

"घरातली बाई कोणाला दाखवतेस गं?"

थप्पड नुसती ऐकू आली. मोबाईल खाली पडून वरचा पत्रा दिसू लागला. डोकं भिंतीवर आपटलं, कळशी गडगडली, प्रांजल ओरडत राहिली. आणि दर्शनाच्या तोंडून, रोजच्या सवयीने, निघून गेलं, "प्रांजल, तू दिसत नाहीयेस." स्वतःचीच जीभ हासडावी असं तिला वाटलं.

"मारू नका तिला! मीच दाखवायला सांगितलं!" ती किंचाळली.

"तू कोण गं सांगणारी?" विशालने बहिणीच्या पोटात लाथ घातली.

प्रांजल सरपटत आली. तिने मोबाईल उचलून डब्याला टेकवला. ओठ फाटला होता, एक डोळा मिटत चालला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"आले मॅडम. आता दिसतेय ना? विचारा पहिला प्रश्न."

तिच्या मागे विशाल कमरेचा पट्टा सोडत होता.

"बंद कर तो कॅमेरा! बाहेर पळ, प्रांजल!"

"बंद केला तर शून्य आहे ना, मॅडम?"

पट्टा पाठीवर बसला. ती कळवळली, पण स्क्रीनवरून हलली नाही.